डिपर

दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला जाऊन आलो. समुद्राचे, सूर्यास्ताचे आणि जेवणाच्या ताटांचे फोटो हिने स्वतःच्या पानावर टाकलेत, ज्यांना तेच बघायचंय त्यांनी तिकडे जावं. मी आठवडाभर काय केलं असेल हे मला ओळखणाऱ्यांना सांगायची गरज नाही. विमानतळाबाहेर पडल्यापासून परत विमानतळात शिरेपर्यंत गाडी चालवली. बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. पोरगी म्हणाली, "बाबा, आपण बेट बघायला आलोय की प्रदक्षिणा घालायला?" दोन झाल्या.

(साताऱ्याहून मुंबईचं विमानतळ गाठायला साडेसात तास. नवले पूल, मग बोरघाट. मुंबईहून मॉरिशस सहा तास. यावर वेगळी पोस्ट होईल, आज नको.)

भाड्याची गाडी मिळाली निसान मार्च. आपल्याकडे हीच मायक्रा म्हणून २०१० पासून काही वर्षं विकली गेली. काउंटरवरच्या पोराने माझं एमएच ११ चं लायसन्स उलटसुलट बघितलं आणि किल्ली हातात दिली. इंग्रजांनी १८१० साली हे बेट फ्रेंचांकडून घेतलं, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, माणसं मात्र अजून क्रिओल आणि फ्रेंच बोलतात. जपानातही डावीकडूनच, म्हणून तिथल्या वापरलेल्या गाड्या इथे भरपूर येतात. आमची त्यातलीच. किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधून एक बाई अत्यंत नम्रपणे जपानीत काहीतरी सांगायची. शोधल्यावर कळलं, टोलच्या यंत्रात कार्ड घातलेलं नाही अशी तिची तक्रार. ज्या बेटावर टोलनाकाच नाही तिथे ती बिचारी रोज कार्ड मागत होती. मला आपले आनेवाडी आणि तासवड्याचे टोलनाके आठवले आणि तिच्याबद्दल कणव वाटली. रेडिओही जपानी, एफएम नव्वदच्या पुढे जायलाच तयार नाही, त्यामुळे तिथली बरीचशी स्टेशनं आम्हाला वर्ज्य.

खरी गंमत दांड्यांची. जपानी गाडीत इंडिकेटर स्टिअरिंगच्या उजव्या हाताला आणि वायपर डाव्या. माझ्या २०१२ च्या डिझेल फोक्सवॅगन पोलोमध्ये बरोबर उलटं. पहिले दोन दिवस मी प्रत्येक वळणाआधी लख्ख उन्हात कोरड्या काचेवर वायपर फिरवला. हात वीस वर्षांच्या सवयीने जातो, डोकं मागून पोचतं. ही म्हणायची, "अहो, काच स्वच्छ आहे."

विमानतळावरून मोठ्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंना ऊस. नजर जाईल तिथवर. क्षणभर वाटलं, सहा तास विमानात बसून आपण कराडलाच उतरलो. त्यांचा तोडणीचा हंगाम जूनपासून वर्षअखेरपर्यंत, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर तोड चालू होती. एक फरक लगेच दिसला. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे टेकडीएवढे ढीग. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, जमिनीत आपल्यासारखाच बसाल्ट. शेत करायचं तर आधी दगड वेचायला हवेत. ते आधी गुलामांनी आणि १८३४ नंतर हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी हातांनी वेचून रचले. गाडी बाजूला घेऊन एक ढीग जवळून बघितला. थेट आपल्या सह्याद्रीतला दगड, तीच भोकं, तोच रंग. तिथून पुढे अर्धा तास गाडीत कोणी बोललं नाही.

आणि हो, त्यांचं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. आपण सकाळी चहाआधी चढून येतो तो अजिंक्यतारा त्याहून उंच आहे. हे मी हॉटेलवाल्यालाही सांगितलं. त्याला फारसा आनंद झाला नाही.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातून मुख्य रस्त्याला लागत होतो. मला उजवीकडे वळायचं, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग. तेवढ्यात उजवीकडून येणाऱ्या पिकअपने डिपर मारला, म्हणजे हेडलाइटची उघडझाप केली. माझा पाय आपोआप ब्रेकवर घट्ट. म्हटलं, आला हा, जाऊ दे. पिकअप आला नाही. थांबला. त्याच्यामागे चार गाड्या थांबल्या. मी वाट बघतोय, तो वाट बघतोय. त्याने परत डिपर मारला, मी हात वर करून 'ये बाबा' केलं, त्यानेही तसाच हात केला. शेवटी ही म्हणाली, "अहो, तो तुम्हाला जा म्हणतोय!" मी गडबडीने वायपर लावून वळलो.

त्या रात्री झोप लागेना. वीस वर्षं गाडी चालवतोय. यवतेश्वरचा घाट, पसरणी, खंबाटकी, सगळं पायाखालचं. डिपर म्हणजे 'मी आलो, सरक' एवढाच अर्थ माहीत. इथे त्याच दिव्याचा अर्थ 'मी थांबलोय, तू ये.' पुढचे चार दिवस मुद्दाम मोजत बसलो. गल्लीतून निघणारी गाडी, रस्ता ओलांडणारी म्हातारी, अरुंद पुलाच्या पलीकडची बस, सगळ्यांना डिपर, आणि प्रत्येक वेळी डिपर देणाराच थांबलेला.

लगेच कोणीतरी लिहील, "शिस्त हो शिस्त, आपल्याकडे शिस्तच नाही." मला हे पटत नाही. एकतर तिथे सगळं आलबेल नाही. मोटरवेवर ११० ची मर्यादा आहे आणि त्या वेगात पिकअपवाले मागच्या बंपरला चिकटून येतात. संध्याकाळी पोर्ट लुईमधून बाहेर पडायचं तर आपल्या राजवाड्यावरची दिवाळीची गर्दी बरी. भटकी कुत्री आहेत. आतल्या रस्त्यांना फुटपाथ नाही, कडेला उघडं गटार आहे आणि त्यात माझं डावं पुढचं चाक गेलंही. रिमला ओरखडा आला, त्याचे भाड्याच्या कंपनीने किती कापले ते हिला अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेलच.

आणि दुसरं, आपल्याकडे भाषा नाही असं कुठंय? हायवेवर ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो. एक जण 'खुशाल जा' म्हणून देतो, दुसरा 'येऊ नको, समोरून गाडी आहे' म्हणून, आणि तिसरा खरोखर उजवीकडे वळणार असतो. तिन्हींचा दिवा एकच. ओव्हरटेक करताना आपण दिवा वाचत नाही, ट्रकवाल्याचा स्वभाव ओळखायचा प्रयत्न करतो. माझं म्हणणं एवढंच, की खुणेचा अर्थ सगळ्यांना एकच लागायला हवा. रस्ता अरुंद असला तरी मग चालतं. तिथले रस्ते काही रुंद नव्हते.

गोल चौकांचंही तेच. तिथे मोटरवेवरसुद्धा गोल चौक आहेत, आणि आत शिरलेल्याचा, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. बस्स, एवढा एकच नियम. नाक खुपसायचं नाही, हॉर्न नाही. उजवीकडच्याला आधी जाऊ द्या हे आपल्या नियमांतही आहे. पण आपल्या साताऱ्यात पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र यायचे तेव्हा आपण काय करायचो? ज्याचं बोनेट पुढे त्याचा रस्ता. शेवटी जमीन खोदून ग्रेड सेपरेटर करावा लागला.

घाटाची गोष्ट सांगतो. नैऋत्येला एक गाव आहे, तिथले लोक उच्चार करतात 'काझ नोयाल'. पोरीला ऐकू आलं 'कास', म्हणजे आपल्या साताऱ्याजवळचं पठार. आणि नेमका तिथूनच शामारेलचा घाट सुरू होतो! समुद्राच्या काठावरून थेट वर, हातरुमालाएवढी वळणं, दोन्हीकडे झाडी. गाडीला सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्याच नाहीत, चढावर पाय दाबला की इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि गाडी निवांत मागून येते. पोलोमध्ये दुसरा टाकून टर्बो जागा होण्याची जी मजा असते ती इथे शून्य. उतरताना मात्र लिव्हर 'एल'वर घेतला आणि ब्रेक तापवायची वेळ आली नाही, हे कबूल करतो.

उतारावर एका वळणाआधी पुढची गाडी अचानक कडेला घेऊन थांबली. मी वैतागलो. रस्ता रिकामा तर आहे! दहा सेकंदांनी खालून अशोक लेलँडची बस वर आली. वळण घ्यायला तिला सगळा रस्ता लागला, अगदी आपल्या मेढ्याच्या एसटीसारखा. गिअर बदलतानाचा आवाजही तोच, डोळे मिटले असते तर कंडक्टरची घंटा ऐकू आली असती. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली आणि गेला. पुढच्याला बस दिसली नव्हती, नुसती ऐकू आली होती. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमही आपल्याकडे आहे बरं का. लायसन्सच्या परीक्षेत मी त्याचं उत्तर बरोबर दिलं होतं.

परतताना रस्त्याकडेच्या गाड्यावर ढोलपुरी खाल्ली. वाटलेली डाळ भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. गाडेवाले आजोबा आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "मराठी?" त्या बाजूला कास्कावेलसारख्या गावांत मराठी घरं आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्यांना मराठी चारच शब्द येत होते, आजी बोलायची म्हणाले. मी विचारलं, इथे सगळे एकमेकांना एवढी वाट कशी देतात? ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, बेट लहान आहे, आज ज्याला अडवाल तो उद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसेल. बारा-तेरा लाख वस्ती, पटण्यासारखं आहे. पण मग साताऱ्यात काय होतं? इथे मी निम्म्या गावाला ओळखतो. ज्याला राधिका रोडवर कट मारतो त्याच्याच दुकानातून संध्याकाळी कंदी पेढे घेतो. काच वर केली की ओळख पुसली जाते, असं काहीतरी आहे.

मुंबईहून परतताना रात्र झाली. आनेवाडीच्या पुढे काच खाली होती म्हणून वाचलो. गाणं आधी ऐकू आलं, ट्रॉली नंतर दिसली. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, रस्त्याला घासत होतं. ट्रॅक्टरवाल्याने स्पीकरवर हजारो रुपये घातले असतील. रिफ्लेक्टरची पट्टी किती रुपयांना येते? गाळप हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय, मार्चपर्यंत रोज रात्री हे असंच. कारखान्यांनी काट्यावरच अडवावं, दिवा नसेल तर वजनच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

गेल्या रविवारी कासला निघालो होतो. येताना यवतेश्वरच्या उतारावर, अरुंद जागी, खालून दुधाचा टेम्पो येताना दिसला. मी शहाण्यासारखी गाडी कडेला घेतली, थांबलो आणि डिपर दिला. ये बाबा.

टेम्पोही थांबला. मी परत डिपर दिला. तो आणखी कडेला सरकला, जवळजवळ कठड्याला टेकला. माझ्यामागे दोन मोटारसायकली आणि एक जीप येऊन हॉर्न वाजवायला लागल्या. शेवटी टेम्पोवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"आवो, एवढी लाइट मारताय, येताय का न्हाई?"