‘जी’ लावला की विषय संपला?

बेळगाव-निपाणीकडच्या पोरांच्या कोडिंग ग्रुपवर जावास्क्रिप्टबद्दल एक मेसेज फिरतोय: “व्हेरिएबलमधला शब्द मजकुरात सगळीकडे बदलायचाय? न्यू रेगएक्स्पमध्ये तो टाका, जी फ्लॅग लावा, विषय संपला. रिप्लेसऑल नवं आहे, सगळीकडे चालत नाही. स्प्लिट-जॉइन म्हणजे जुगाड.”

आधी शब्द समजून घेऊ. व्हेरिएबल म्हणजे मजकूर साठवायचं नाव, रेगएक्स्प म्हणजे मजकुरात नमुना शोधायचं साधन, आणि जी फ्लॅग म्हणजे ‘सगळ्या जागा घे’ अशी खूण. रिप्लेसऑल सगळ्या जागा बदलतं; स्प्लिट-जॉइन जुन्या शब्दापाशी मजकूर तोडून मध्ये नवा शब्द घालून जोडतं. साध्या रिप्लेसला नुसता शब्द (स्ट्रिंग) दिला तर ते पहिलीच जागा बदलतं, हे खरं. पुढचं तपासू.

रेगएक्स्पला तुमचा शब्द हा शब्द वाटतच नाही, तो नमुना म्हणून वाचतो. गावांच्या यादीत सुळगा (हिंडलगा) आणि सुळगा (येळ्ळूर) अशी नावं असतात. ‘सुळगा (हिंडलगा)’ व्हेरिएबलमधून दिलंत, की कंस गट ठरतात आणि शोध ‘सुळगा हिंडलगा’चा सुरू होतो. म्हणजे नाव स्वतःलाच सापडत नाही! एररही येत नाही. एकच कंस सुटा राहिला तर मात्र कोड तिथेच आपटतो. टिंबाचं उलटं, नमुन्यात ते कोणत्याही एका अक्षराला चालतं: 1.50 शोधायला जाल आणि 1250 बदलून बसाल. अशी चिन्हं एस्केप करावीच लागतात, म्हणजे ती साधी अक्षरं आहेत असं सांगावं लागतं. जावास्क्रिप्टच्या 2025 च्या प्रमाणात (भाषेच्या अधिकृत नियमावलीत) त्यासाठी रेगएक्स्प.एस्केप आलंय.

कुणी म्हणेल, अख्खाच शब्द सापडावा म्हणून दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण लावू. ती खूण फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते. देवनागरी शब्दाभोवती तिला सीमा दिसतच नाही.

रिप्लेसऑल नवं? 2020 मध्येच ते क्रोम 85, फायरफॉक्स 77 आणि सफारी 13.1 मध्ये आलं, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आवृत्ती 15 पासून आहे. फक्त नव्या मजकुरात डॉलरचं चिन्ह असेल तर जपा: दोन डॉलर लागोपाठ दिले तर एकच उरतो. तिथे मजकुराऐवजी फंक्शन (नवा मजकूर परत देणारा छोटा कोड) द्या.

स्प्लिट-जॉइनला ना कंसाचा त्रास, ना डॉलरचा. जुगाड म्हणा हवं तर, उत्तर बरोबर येतं.

पण सरळ वापरलं तर खरी गोची तिघांपैकी कुणीच सोडवत नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी. (नावाच्या वादात इथे शिरत नाही.) अर्जातल्या ‘बेळगाव’चं सरसकट ‘बेळगावी’ केलंत की ‘बेळगावात’चं ‘बेळगावीात’ होतं, आडनाव ‘बेळगावकर’चं ‘बेळगावीकर’. तोच कोड पुन्हा चालवला तर ‘बेळगावीी’, कारण नव्या शब्दाच्या पोटात जुना शब्द आहेच. आधी ‘बेळगावात’ बदलून मग ‘बेळगाव’ घेतलं तरी दुसऱ्या फेरीत पहिली दुरुस्ती बिघडते. इथे मात्र रेगएक्स्पच हवा: बेळगावकर, बेळगावात, बेळगावी, बेळगाव अशी लांब रूपं आधी ठेवून एकच नमुना, एकच फेरी, आणि कोणत्या रूपाचं काय करायचं ते फंक्शन ठरवणार. ‘बेळगावकर’ आणि ‘बेळगावी’ त्याने जसेच्या तसे परत द्यायचे.