मिउरा अपमानातून जन्मली नाही

ट्रॅक्टर बनवणाऱ्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी आपल्या फेरारी गाडीच्या क्लचबद्दल तक्रार केली, तेव्हा एन्झो फेरारी यांनी ‘तुम्ही ट्रॅक्टरच चालवा’ असे सुनावले. तो अपमान जिव्हारी लागून फेरुच्चो यांनी ट्रॅक्टरचेच इंजिन वापरून चार महिन्यांत ‘मिउरा’ तयार केली, ती जगातली पहिली मधल्या इंजिनाची (म्हणजे चालकामागे, मागच्या चाकांच्या पुढे इंजिन असलेली) मोटार ठरली आणि शर्यतीत तिने फेरारीला धूळ चारली. या आशयाचा मजकूर मराठीत बरीच वर्षे फिरतो आहे आणि स्नेहसंमेलनांतल्या भाषणांतही दाखला म्हणून सांगितला जातो. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे. मला सर्वांत अधिक खटकते ते हे, की ज्यांनी ही गाडी घडवली त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या मजकुरात येत नाही.

आधी अपमानाची हकिगत पाहू. ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे मुख्यतः फेरुच्चो यांनीच पुढे मुलाखतींत सांगितलेल्या आठवणींतून. असे बोलणे झालेच नाही, असा माझा दावा नाही. पण ते खरे धरले तरी त्याचा संबंध पोहोचतो १९६३ मध्ये इटलीतल्या सांत-आगाता बोलोन्येसे येथे सुरू झालेल्या मोटार कंपनीपर्यंत. त्या कंपनीने विकलेली पहिली गाडी होती ३५० जीटी: इंजिन पुढे असलेली, लांबच्या प्रवासात न दमवणारी, सुखकर गाडी. फेरुच्चो यांना आवडत होत्या त्या अशाच गाड्या. मिउराची कल्पना त्यांची नव्हे. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे दोन अभियंते आणि न्यूझीलंडहून आलेला चाचणी-चालक बॉब वॉलेस यांना शर्यतीच्या गाडीची रचना रस्त्यावर आणायची होती, आणि त्यासाठी कामाची वेळ संपल्यावर ते आराखड्यांवर बसत असत. तिघांपैकी कोणीही तेव्हा तिशी गाठलेली नव्हती. कंपनीचे नाव गाजेल, या हिशेबाने फेरुच्चो यांनी त्यांना परवानगी दिली. हा त्यांचा मोठेपणा आहेच, पण तो सूड नाही.

चार महिन्यांचा आकडा बहुधा प्रदर्शनांच्या तारखांतून आला असावा. नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात मांडला गेला तो नुसता सांगाडा, आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला उभी राहिली ती पूर्ण गाडी. मधल्या काळात गाड्यांचे बाह्यरूप घडवणाऱ्या बेर्तोने यांच्या कार्यशाळेत सत्तावीस वर्षांच्या मार्चेल्लो गांदीनी यांनी तिला रूप दिले. तेवढे काम खरोखर थक्क करणाऱ्या वेगाने झाले. सांगाडा मात्र त्याआधीच तयार होता, आणि इंजिनाचा जन्म तर १९६३ चा.

त्या इंजिनाला ट्रॅक्टरचे म्हणणे हा जोत्तो बिझ्झारिनी यांच्यावर अन्याय आहे. शेतात सावकाश, नेटाने ओढणाऱ्या डिझेल इंजिनाशी त्याचे काही नाते नाही. बिझ्झारिनी यांनी आखलेले हे बारा सिलिंडरांचे इंजिन मुळात साडेतीन लिटरचे होते आणि त्यात चार कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे) होते, म्हणजे सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेवर दोन. त्या वेळी रस्त्यावर धावणाऱ्या फेरारीच्या बारा सिलिंडरी गाड्यांत रांगेमागे एकच असे. त्यांनी ते इतके तिखट, शर्यतीच्या वळणाचे केले होते की रोजच्या वापरासाठी दाल्लारांना ते मवाळ करावे लागले. मिउरात ते ३,९२९ घनसेंटिमीटरचे झाले आणि सुमारे ३५० अश्वशक्ती देऊ लागले. त्याचाच वारसा सुधारत सुधारत २०१० पर्यंत, लॅम्बोर्गिनीच्याच मुर्सिएलागो या गाडीपर्यंत चालला. बिझ्झारिनी हे १९६१ पर्यंत फेरारीतले अभियंते होते आणि दाल्लाराही तिथे काम करून आले होते. म्हणजे फेरारीला उत्तर म्हणून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे शिक्षण फेरारीतच झाले होते.

‘जगातली पहिली मधल्या इंजिनाची मोटार’ हे विधान तर सहज खोडता येते. फ्रान्समध्ये रने बोने यांची जेट ही छोटी गाडी १९६२ मध्येच आली होती, आणि इटलीतच १९६३ मध्ये एटीएसची २५०० जीटी आली होती. मिउराचे खरे वेगळेपण नीट समजून घेण्यासारखे आहे. बारा सिलिंडरांचे इंजिन लांबलचक असते. ते चालकाच्या पाठीमागे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवले आणि त्यामागे गिअरबॉक्स जोडला, तर पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर वाढते किंवा बसण्याची जागा कमी होते. दाल्लारा आणि स्तान्झानी यांनी इंजिन आडवे फिरवले आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) इंजिनाच्याच ओतीव ॲल्युमिनियमच्या घडणीत सामावून घेतले, त्यामुळे चाकांतले अंतर अडीच मीटरमध्ये बसले. हा विचारही शून्यातून आलेला नव्हता. ब्रिटिश मिनी या स्वस्त गाडीत १९५९ पासून आडवे इंजिन आणि त्याच्या पोटात गिअरबॉक्स होता. होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीत तर दीड लिटरचे बारा सिलिंडरी इंजिन आडवे बसवलेले होते, आणि ती गाडी ऑक्टोबर १९६५ मध्ये मेक्सिकोची शर्यत जिंकली होती. इतरांच्या कल्पना ओळखून त्या चार लिटरच्या रस्त्यावरच्या गाडीत बसवून दाखवणे ही मला ‘पहिली’ या बिरुदापेक्षा मोठी कामगिरी वाटते.

या रचनेची किंमतही मोजावी लागली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेल एकच असल्याने गिअरांतून झिजलेला धातूचा कीस इंजिनाच्या बेअरिंगांपर्यंत जाऊ शकत असे. दोन्ही तेले वेगळी करण्याची सोय झाली ती १९७१ पासूनच्या एसव्ही या मिउराच्या शेवटच्या मालिकेत, आणि तीही साऱ्या गाड्यांत नाही. पेट्रोलची टाकी पुढे होती, त्यामुळे ती रिकामी होत जाई तसे नाक हलके होऊन मोठ्या वेगात सुकाणूवरची पकड सैल वाटे. शर्यतीच्या धाटणीचे वेबर कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारी उपकरणे) गाडी थांबलेली असताना पेट्रोल साचवत आणि त्यातून काही गाड्यांना आगही लागली. हे दोष सांगितल्याने मिउराचे सौंदर्य कमी होत नाही, पण ते लपवले तर तरुण अभियंत्यांनी काय अंगावर घेतले होते, हे कळत नाही.

राहिली शर्यत. फेरुच्चो यांनी कंपनीला शर्यतीत उतरवण्यास ठाम नकार दिला होता, त्यामुळे कारखान्याच्या मिउरा संघाने फेरारीला हरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वॉलेस यांनी १९७० मध्ये शर्यतीच्या नियमांनुसार ‘योता’ नावाची एक गाडी बांधली, ती प्रयोगापुरतीच राहिली. वेगाच्या बाबतीतही एकतर्फी विजय नव्हता: फेरारीने १९६८ मध्ये आणलेली डेटोना, इंजिन पुढे ठेवूनच, मिउराच्या तोडीने ताशी २८० किलोमीटरच्या आसपास धावत होती. फेरारीची मधल्या इंजिनाची बारा सिलिंडरी रस्त्यावरची गाडी ग्राहकांच्या हाती आली १९७३ मध्ये. तोवर मिउराचे उत्पादन संपले होते, आणि ज्यांनी सूड उगवला असे सांगितले जाते त्या फेरुच्चो यांनी आदल्याच वर्षी कंपनीतला निम्म्याहून अधिक वाटा विकून टाकला होता.