कालच्या पोस्टबद्दल खुलासा, माझीच चूक

काल मी टाकलं होतं की अमेरिकेत लष्करी तळांना पर्यावरण कायद्याखाली दंड होतच नाही आणि ज्या तळाला नियमभंगाच्या नोटिसा कमी तो तळ स्वच्छ. दोन्ही चुकीचं आहे. १९९२च्या फेडरल फॅसिलिटी कंप्लायन्स ॲक्टनंतर घातक कचऱ्याच्या नियमभंगासाठी राज्य सरकारंही तळांना दंड करू शकतात, कायद्यातच तसं लिहिलंय, मी आधी वाचायला हवं होतं.

नोटिसांचं म्हणाल तर तपासणीच कमी झाली की नोटिसाही कमीच निघणार ना! हवाईतलं रेड हिल बघा, नौदलाच्या २० जमिनीखालच्या इंधन टाक्या आणि साधारण १०० फूट खाली पिण्याच्या पाण्याचा साठा, नोव्हेंबर २०२१मध्ये इंधन गळून पाण्यात गेलं आणि पर्ल हार्बर भागातल्या घरांत नळ सोडला की इंधनाचा वास. डिसेंबरमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने टाक्या रिकाम्या करायचा आदेश काढला, मार्च २०२२मध्ये संरक्षण खात्याने रेड हिलचं इंधन साठवण केंद्रच बंद करायचं ठरवलं. म्हणजे तळ स्वच्छ आहे का हे कळायला बघायचं ते भूजलाचे रिपोर्ट, तीच चूक परत होते का, आणि दुरुस्तीला किती दिवस लागले. (नोटिसा मोजणं सोपं म्हणून मीही तेच केलं.)

जुनी पोस्ट डिलीट केलीये, स्क्रीनशॉट फिरतोय तो प्लीज पुढे पाठवू नका.