शिकवायचं राहिलं तरी चालेल, फोटो पाठवा

अभिनंदन! गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेत नेमणूक मिळाली म्हणजे देव पावला. शेजारी पेढे मागतील, मावशी स्थळं सुचवेल, आणि ज्यांची स्वतःची नातवंडं इंग्रजी माध्यमात जातात ते सगळे आवर्जून हात हातात घेऊन सांगतील की मराठी शाळा टिकली पाहिजे. टिकवा हो, टिकवा. फक्त त्याआधी शाळेचा एक आठवडा कसा काढायचा ते शिकून घ्या. डी.एड.च्या पुस्तकांत हा धडा नाही, म्हणून माझ्यासारख्या जुन्या टीचरने सांगायचा.

रुजू व्हायला जाल तेव्हा फळा कसा आहे, कौलं गळतात का, पट किती, असले प्रश्न विचारत बसू नका. आधी मोबाइल डोक्यावर धरून शाळेभोवती एक फेरी मारा. सत्तरी असो, सांगे असो की काणकोण, प्रत्येक वाड्यावर रेंज मिळण्याची एक ठरलेली जागा असते. कुठे विहिरीचा कठडा, कुठे देवळाची पायरी, आमच्याकडे फणसाचं झाड. तिथे एक खुर्ची नेऊन ठेवा. पुढची सगळी नोकरी तिथेच करायची आहे.

शाळा एकशिक्षकी मिळाली तर तुमचं भाग्य थोर. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असं लिहिलंय, पण कायदा २००९ सालचा आहे, जुन्या गोष्टी उकरून काढू नयेत. पहिली ते चौथी एका खोलीत, आणि मध्ये तुम्ही. पहिलीला चिंचोके मोजायला द्यायचे, दुसरीला वहीत बेरजा, चौथीला परिच्छेद उतरवायला, आणि मिळालेल्या दहा मिनिटांत तिसरीला हातच्याची वजाबाकी समजवायची. दशकाच्या घरातून एक उसना कसा आणायचा हे तिसरीच्या डोक्यात शिरतंय न शिरतंय तोवर पहिलीतल्या कोणीतरी चिंचोका नाकात घातलेला असतो. तो काढायचा, नाक पुसायचं, पुन्हा दशकाच्या घरात शिरायचं. मग युक्ती म्हणून चौथीतली एक मोठी मुलगी पहिलीच्या ओळीत नेऊन बसवायची. ती अक्षरं छान गिरवून घेते, माझ्यापेक्षा कडक आहे.

हे जमतं बरं का. बाहेरच्यांना वाटतं चार वर्ग एकत्र म्हणजे बाजार, पण खरंच जमतं. धाकटी मुलं थोरल्यांचा धडा ऐकून पुढच्या वर्षीचं निम्मं आधीच शिकून बसतात. अट एकच, मध्ये कोणी हाक मारता कामा नये. एकदा मान दुसरीकडे वळली की चारही वर्ग एकदम सुटतात आणि ते पुन्हा बसवायला पाव तास जातो.

आता ही अट विसरा.

सोमवार हा माहितीचा वार. युडायस म्हणजे सरकारच्या पोर्टलवर शाळेची माहिती भरा, अपार आयडी म्हणजे प्रत्येक मुलाचा ओळखक्रमांक भरा, तीच माहिती एक्सेलमध्ये भरा, आणि तीच सही-शिक्क्यानिशी कागदावर पाठवा. आधार कार्डावर मुलाच्या नावात एक ‘ए’ जास्त, आमच्या जनरल रजिस्टरात एक कमी, एवढ्यावर अपार अडतो. आईला सांगायचं, आधार दुरुस्त करून आणा. ती दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाते, तिथे मशीन बंद. पुढच्या सोमवारी पुन्हा मेसेज येतो, ‘प्रलंबित मुलांची नावे कारणासहित कळवा.’ कारणाच्या रकान्यात खरं कारण मावत नाही.

मंगळवारी सोमवारच्या माहितीची दुरुस्ती.

दुपारचं जेवण बचतगटाच्या बायका आणतात, बहुतेक वेळा पाव-भाजी, कधी पुलाव. मुलांआधी आपण चाखायचं आणि चव कशी होती ते वहीत लिहायचं. नेहमी ‘बरी’ लिहा. ‘उत्कृष्ट’ लिहिलंत तर कोणाला पटत नाही, आणि ‘वाईट’ लिहिलंत तर चौकशी तुमचीच होते.

निवडणूक, जनगणना आणि आपत्ती ही तीन कामं सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये असं शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. हे कलम तोंडपाठ करा. म्हणताना चाल चांगली लागते, त्यापलीकडे उपयोग नाही. कारण बाकीची सगळी कामं ‘शैक्षणिक’ या सदरात मोडतात. फोटो तर फारच शैक्षणिक.

फोटोचं नीट ऐका, नोकरी त्यावर आहे. प्रत्येक दिवसाला एक ‘दिन’ असतो आणि प्रत्येक दिनाला फोटो. फोटोत बॅनर हवा. बॅनर पीडीएफमध्ये येतो, तो रंगीत छापून आणायचा, आणि छापण्याचं दुकान बसने पाऊण तासावर. मुलं गणवेशात हवीत, पायांत बूट हवेत. भर जूनमध्ये, चिखलातून दीड किलोमीटर चालत आलेल्या पोरांच्या पायांत बूट! कोपऱ्यात ठिकाण आणि वेळ उमटली पाहिजे, नाहीतर तुम्ही मुलं भाड्याने आणलीत असा संशय येतो. आणि फोटो ‘तात्काळ’ हवा. ५ जूनला पर्यावरण, २१ जूनला योग. पर्यावरण दिनाला लावलेलं रोप गुरं खातात. त्याचं दुःख करू नका, फोटो गुरं खात नाहीत.

आणि मध्ये १९ जून, वाचन दिन. केरळात गावोगाव वाचनालयं उभी करण्यात ज्यांनी हयात घालवली त्या पी. एन. पणिक्करांचा हा स्मृतिदिन. मोठा माणूस. दिवस पाळावा असाच आहे, आणि आमच्या शाळेने तो यंदा खरोखर पाळला असता.

झालं असं की आमच्याकडे तिसरीत एक मुलगी आहे. गेलं अख्खं वर्ष ती जोडाक्षराला अडायची. साधे शब्द धडाधड, आणि ‘रस्ता’ आला की गाडी बंद. त्या सकाळी तिने स्वतःहून पुस्तक काढलं, माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि वाचायला लागली. गोष्टीत एक म्हातारा बाजाराला निघाला होता. तिचं बोट अक्षराखाली, नखात निळी शाई. ‘रस्त्यावर’पाशी बोट थांबलं. र. मग स् नुसताच, दातांतून हवा सोडल्यासारखा. मग एकदम ‘रस्त्यावर’! आणि ती थांबलीच नाही, पुढचा ‘स्वस्त’सुद्धा गिळून टाकला. दुसरीची मुलं बेरजा सोडून ऐकत होती. पानाच्या खाली तीन ओळी राहिल्या होत्या.

तेवढ्यात वरच्या ऑफिसातून फोन. शिक्षकांच्या मोबाइल ग्रुपवरचा त्यांचा मेसेज मी पाहिला नव्हता म्हणून थेट फोन. ‘टीचर, वाचन दिनाचे फोटो अजून आले नाहीत. अकरापर्यंत न पाठवणाऱ्या शाळांची नावं वर जाणार आहेत.’ मी म्हटलं, इथे वाचनच चाललंय. पलीकडून उत्तर आलं, ‘वाचन नंतर करा, आधी फोटो पाठवा.’

हे वाक्य मी बनवलेलं नाही. बनवायची गरजच पडत नाही.

मग काय, उठवली सगळी. बॅनर छापलेला नव्हता, म्हणून चौथीने चार्ट पेपरवर स्केचपेनने ‘वाचन दिन’ लिहिलं. कपाटाच्या किल्लीचा शोध झाला. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, आणि जाडच पुस्तक, कारण बारीक पुस्तकं फोटोत दिसत नाहीत. पहिलीच्या पोरांना मोठ्या माणसांचे ग्रंथ दिले. मुलीच्या हातातलं गोष्टीचं पुस्तक मी काढून घेतलं, कारण त्याचं कव्हर फाटलेलं. ती म्हणाली, ‘टीचर, म्हजें वाचून जावंक ना.’ माझं वाचून झालं नाही. मी म्हटलं, मागीर वाच, म्हणजे नंतर. सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं, हसा म्हटलं, हसली. फोटो काढला, छत्री घेऊन फणसाखाली गेले, पाठवला. गोल फिरत फिरत गेला एकदाचा.

उत्तर आलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने पुस्तक उलटं धरलंय. सरळ धरून पुन्हा पाठवा.

खरं सांगते, त्यात मला थोडं बरं वाटलं. आमच्या शाळेतलं पुस्तक वर कोणीतरी निरखून पाहिलं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडलं. पुन्हा रांग, पुन्हा हसा, आता पावसाची तिरकी सर व्हरांड्यात, चार्ट पेपरवरचा ‘दिन’ विरघळला. पुन्हा लिहा. पुन्हा फणस. तोवर बचतगटाची रिक्षा आली, पाव-भाजी आली, चव ‘बरी’ लिहिली, आणि मुलं हात धुवायला पळाली. वाचन दिनाला आमच्या शाळेत वाचन झालं नाही. फोटो मात्र उत्कृष्ट आला, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अंगठा मिळाला.

कोण बघतं हो हे फोटो? कुठल्या फाइलीत जातात, कुठल्या भिंतीवर लागतात? गेल्या वर्षीच्या योग दिनाचा फोटो मी यंदा पाठवला तर कळेल का कोणाला? कळेल, तारीख उमटते ना कोपऱ्यात. तेवढं मात्र बघतात.

बाकीचं थोडक्यात. तपासणीला साहेब आले तर आधी आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं पाणी, मग रजिस्टरं, आणि रजिस्टरांना खाकी कव्हर. कव्हर कोरं असेल तर आतलं कोणी उघडत नाही.

बालसभेचा अहवाल बालसभेच्या आधी लिहून ठेवा.

सरस्वतीपूजनाची तयारी तेवढी मनापासून करा. गाव लोटतो, आया फुगडी घालतात, आणि नाटुकल्याचे संवाद पाठ करण्यासाठी मुलं जेवढं वाचतात तेवढं धड्यासाठी कधीच वाचत नाहीत. ज्या पोराच्या तोंडून वर्षभर शब्द फुटत नाही तो राजा होऊन चार वाक्यं ठणकावतो. बहुधा म्हणूनच या पूजनाचा तक्ता अजून कोणी मागितलेला नाही. मागतील.

आता हे सल्लेबिल्ले पुरे झाले. नव्या टीचरांनो, तुम्ही जरा बाजूला व्हा. मला दुसऱ्यांशी बोलायचं आहे.

साहेब, २०२१ साली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, आणि हे २०२६-२७ पर्यंत झालं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. त्याचं पोस्टर तुम्हीच पाठवलंत, मी ते दारावर चिकटवलंय. तिसरीतली मुलगी वाचत होती आणि तुम्ही तिला थांबवलंत. त्याच पोस्टरखाली. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलंय. त्यातले किती तास तुमच्या ग्रुपने खाल्ले याचा एकदा तक्ता मागवा. मी तात्काळ भरून देते.

तुम्हीही अशाच शाळेत शिकलात, मला माहीत आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, डोंगर ओलांडून वाड्यावाड्यावर ज्या शाळा निघाल्या त्यातल्याच एकीत. पडवीत भरायची, देवळात भरायची. तुमच्या गुरुजींना भर वर्गातून कोणी बाहेर बोलावलं असतं तर त्यांनी छडी दाखवली असती. आमच्यावर तेवढी मेहरबानी करा. सकाळी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ग्रुपवर काही टाकू नका. फोटो हवा तर दुपारी मागा, संध्याकाळी मागा. माहिती हवी तर चार-पाच शाळांत मिळून एक कारकून द्या. तोवर निदान एकदा भरलेली माहिती दुसऱ्यांदा मागायची लाज बाळगा.

आणि तुम्ही, व्यासपीठावरचे. २०११ साली इंग्रजी शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा मातृभाषेसाठी घसा कोरडा करणाऱ्यांत मीही होते, तुमच्याच मागे उभी. तुमच्या मुलांना न्यायला दुसऱ्या शाळेची बस दारात येते ते मी तेव्हाही बघत होते. मुलगा कुठे घालायचा तो तुमचा प्रश्न. पण मग आमचा पट घसरला म्हणून शाळांच्या विलीनीकरणाची यादी निघते तेव्हा ‘शिक्षक शिकवत नाहीत’ असं भाषणात म्हणू नका. शिकवू द्या, मग म्हणा.

शाळेत यायचं तर जरूर या, दोघेही या. मागच्या बाकड्यावर बसा, तासभर बसा, मुलीला म्हाताऱ्याची गोष्ट वाचायला सांगा, ती वाचेल. फोन बंद करून या. आणि बॅनर गाडीतच ठेवा.