माळ्यावरचा ‘नकली डबा’ भंगारात देऊ नका: इचलकरंजीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार इचलकरंजीकर,

प्रतिक्रियेखाली तुम्ही हेच नाव लिहिलंय, म्हणून मीही त्याच नावानं हाक मारतो. तुमचं म्हणणं मी तीनदा वाचलं आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही असं वाटलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या कन्सोलपैकी, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांपैकी, काय ठेवावं आणि काय सोडावं, या लेखात मी पीएस-टू (सोनीचा प्लेस्टेशन-२) आणि हातात धरून खेळायचा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एवढेच ठेवा असं लिहिलं होतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळायचा त्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमला मी ‘नकली डबा, ठेवण्यासारखं काही नाही’ असं म्हणून एका ओळीत निकालात काढलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “तो नकली डबा घ्यायला माझ्या वडिलांनी यंत्रमागावर दोन महिने जादा पाळ्या केल्या. आणि तुमचा पीएस-टू तरी कशाला हवा? साध्या फोनवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकला की सगळं फुकट चालतं. ड्रीमकास्टला तर तुम्ही यादीतही घेतलं नाहीत. हा पैसेवाल्यांचा छंद आहे, पोरांना खर्चाला लावू नका. माझा डबा माळ्यावर पडलाय, तो आता भंगारात देऊ का?”

आधी डब्याचं. तिथं मी चुकलो. ते वाक्य लेखातून काढून टाकलंय, आणि तुमच्या वडिलांच्या कष्टाच्या वस्तूबद्दल तसं लिहिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण नुसती माफी मागून थांबत नाही, कारण तुमच्या प्रतिक्रियेनंतर नीट विचार केला तेव्हा तो डबा ठेवण्यामागं भावनेपेक्षा मोठं कारण आहे हे लक्षात आलं.

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा फॅमिकॉम हा कन्सोल जपानात १५ जुलै १९८३ ला आला. अमेरिकेत १९८५ मध्ये तेच यंत्र नवं रूप घेऊन आलं, पण तिथल्या कॅसेटला ७२ पिना होत्या आणि जपानी कॅसेटला ६०. आपल्याकडे लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी जे विकलं गेलं ते जपानी यंत्राच्या घडणीवर बेतलेलं होतं, म्हणून आपल्या कॅसेटलाही ६० पिना. याचा परिणाम असा की आपण जे खेळलो ते बरंचसं जपानचं भांडार होतं. रणगाड्यांचा तो गेम आठवतो ना, खाली मध्यभागी गरुड, त्याभोवती विटा, आणि दोघांनी मिळून तो राखायचा? नामको कंपनीचा बॅटल सिटी, १९८५ चा. त्या काळात तो अमेरिकेतल्या निन्टेन्डोसाठी विक्रीला आलाच नाही. म्हणजे तिकडच्या पोरांना जो माहीत नव्हता तो गेम कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आणि इचलकरंजीतल्या पोरांना तोंडपाठ होता. त्यात स्वतःचा नकाशा बनवायची सोय होती. आमच्या वाड्यात आम्ही महाद्वार रोडपासून रंकाळ्यापर्यंतच्या गल्ल्या विटांनी उभ्या करायचो आणि रंकाळ्याच्या जागी निळं पाणी भरायचो. नकाशा साठवता यायचा नाही. लाईट गेली की सगळी पेठ गेली, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत ती रोज जायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचो.

जगातल्या संग्राहकांसाठी ही नक्कल असेल. आपल्याकडं बहुतेक घरांतला व्हिडिओ गेमचा इतिहास तिच्यापासूनच सुरू होतो, आणि तो आपणच जपला नाही तर दुसरं कुणी जपणार नाही.

आता फोनचं. इथं मी तुमच्याशी निम्मा सहमत आहे. एकट्यानं खेळायचा जुना गेम, म्हणजे मारिओ असो, सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हवरचे गेम असोत की पहिल्या प्लेस्टेशनवरचे, आजचा साधा फोन ते सहज पेलतो. त्यासाठी कुणी जुनं यंत्र महागात विकत घ्यावं असं मी म्हणणार नाही. ड्रीमकास्टलाही हेच लागू पडतं. सेगानं तो जपानात नोव्हेंबर १९९८ मध्ये आणला आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. यंत्र फार सुंदर होतं, वादच नाही. पण त्याची डिस्क वेगळी, लेन्स वेगळी, आणि बिघडला तर कोल्हापुरात त्याचा सुटा भाग मिळणं अवघड. उलट फोनवर तो उत्तम चालतो. तुमचाच मुद्दा मी ड्रीमकास्टला लावला, म्हणून तो यादीत नव्हता.

पण ‘सगळं’ चालतं हे मला मान्य नाही. बदकं मारायची पिवळी-काळी बंदूक घ्या. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर नेम चुकला. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही हिश्शात होतो आणि तो जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेला आहे. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यानं नेम लागत नाही. फोनवर बदकाला बोट लावता येतं, पण त्याला नेम धरणं म्हणत नाहीत. तुमच्या घरी डब्याबरोबर बंदूक असेल आणि कुणाकडं जुना ट्यूबचा टीव्ही धूळ खात असेल, तर दोन्ही एकत्र ठेवा. ते टीव्ही भंगारात फार वेगानं जाताहेत.

पीएस-टूचा मुद्दा वेगळा आहे. त्याच्या मुख्य प्रोसेसरचा वेग जेमतेम २९५ मेगाहर्ट्झ आणि मेमरी ३२ एमबी, म्हणून लोकांना वाटतं की फोनला हे काय जड? पण त्या यंत्रात प्रोसेसरसोबत दोन वेगळी गणितं करणारे भाग एकाच वेळी राबतात, आणि गेम लिहिणाऱ्यांनी त्यांच्या नेमक्या वेळा धरून काम करून घेतलंय. त्याची नक्कल करायला ताकदवान फोन लागतो, साध्या फोनवर अनेक गेम अडखळतात. अँड्रॉइडवरचा पीएस-टूचा तेव्हाचा सर्वांत चांगला एम्युलेटर, एथरएसएक्स-टू, त्याच्या निर्मात्यानं २०२३ च्या सुरुवातीला थांबवला. लोकांच्या शिव्या आणि धमक्यांना कंटाळून. फुकट देणाऱ्या माणसाशी आपण असं वागतो, हे मला फार लागलं.

शिवाय रिमोटची, म्हणजे हातातल्या कंट्रोलरची, बटणं. पीएस-टूच्या रिमोटवरची बहुतेक बटणं किती जोरात दाबली हे ओळखतात. ग्रॅन टुरिस्मो-३ मध्ये बटण अर्धवट दाबलं तर गाडी अर्धा वेग घेते. फोनच्या काचेला हे जमत नाही, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिमोटनाही नाही.

यापेक्षा मोठं कारण मात्र कोल्हापूरचं आहे. तुम्ही इचलकरंजीचे, तुम्हाला शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की दोन पेठा दोन दिवस बोलत नाहीत. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मॅच सुटली की आम्ही दहा-बारा जण एका घरी जमायचो आणि पीएस-टूवर प्रो इव्होल्यूशन सॉकर हा फुटबॉलचा गेम लागायचा. त्या गेममध्ये सगळ्या इंग्लिश क्लबांचे हक्क नव्हते, लिव्हरपूलचं नाव ‘मर्सीसाइड रेड’ असायचं. पण नावं, खेळाडू, जर्सी, सगळं बदलायची सोय होती. आमच्यातल्या एकानं रात्र-रात्र बसून आपल्या तालमींचे संघ त्यात भरले. खेळाडूंची नावं, उंची, कोण डावखुरा, कुणाचा फटका जोरदार, एकूण एक. ते सगळं ८ एमबीच्या एका मेमरी कार्डवर आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा तो कन्सोल खालच्या खोलीत होता. पाणी उतरल्यावर सापडला तो चिखलानं भरलेला, बोर्ड गेलेला. कार्ड उघडून, धुऊन, पंधरा दिवस वाळवून दुसऱ्या यंत्रात घातलं. संघ जसेच्या तसे होते. त्यातले दोन खेळाडू आज मैदानात मुलांना शिकवतात, आणि त्या कार्डावर ते अजून वीस वर्षांचे आहेत. इचलकरंजीकर, हे कुठल्या फोनवर उतरवून मिळेल?

म्हणून माझी कसोटी आता अशी आहे: यंत्र इथं दुरुस्त होतं का, आणि त्याच्यासमोर दोन माणसं शेजारी बसतात का. पीएस-टू दोन्हीत बसतो. जगभरात १५ कोटी ५० लाखांहून जास्त विकला गेला, २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत त्यावर नवा फुटबॉल गेम येत होता, त्यामुळं लेन्सपासून आतल्या वायरच्या पट्टीपर्यंत सुटे भाग अजून मागवता येतात. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही तो चालवतो.

दुरुस्तीचा माझा एक अनुभव सांगतो, कारण ‘पैसेवाल्यांचा छंद’ याचं उत्तर त्यात आहे. नात्यातल्या एकानं मला जपानहून जाडा पीएस-टू आणून दिला होता. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मी विचार न करता पिन सॉकेटात घातली. फट्‌ आवाज, जळका वास, संपलं. लक्ष्मीपुरीतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडं नेला. त्यांनी आयुष्यात पीएस-टू उघडला नव्हता. फुगलेला मोठा कंडेन्सर आणि फ्यूज बघून म्हणाले, “पॉवर सप्लाय तर सगळ्यांचा सारखाच असतोय.” दोन्ही बदलले. मग उद्यमनगरात मोटारीचं वाइंडिंग करणाऱ्याकडून २३० चं १०० करणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. तो अजून चालतोय. जुनं यंत्र ठेवायला पैसा कमी आणि ओळखीचे कारागीर जास्त लागतात, आणि त्या बाबतीत आपलं गाव श्रीमंत आहे. (२००४ पासूनच्या बहुतेक सडपातळ पीएस-टूंना साडेआठ व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर असतो, तिथं हा घोळ अडॅप्टर बदलून मिटतो.)

गेमबॉय अ‍ॅडव्हान्सबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तुमच्यामुळं माझं मत थोडं बदललं. घरात असेल तर जरूर ठेवा. नसेल तर विकत घेऊ नका. बाजारात बनावट कॅसेट इतक्या आहेत की पन्नास तास खेळलेलं एका रात्रीत पुसलं जातं, आणि हे गेम फोनवर खरोखर छान चालतात. पुढच्या दुरुस्तीत लेखात हेही बदलतो.

आता तुमचा माळ्यावरचा डबा. भंगारात तर देऊ नकाच, पण खाली काढल्या-काढल्या चालूही करू नका. आधी जुना अडॅप्टर बाजूला ठेवा. त्याच्या पिनेत आतला भाग धन की ऋण हे डब्यागणिक बदलायचं, आणि आता हाताशी असलेला अडॅप्टर मूळचाच आहे याची खात्री नसते. मल्टिमीटर असलेल्या कुणाकडूनही तपासून घ्या. मग मागचे स्क्रू काढून बोर्ड बघा. मध्यभागी डांबरासारखी काळी गोळी असेल तर सगळं यंत्र त्या एका गोळीत आहे. ती जिवंत असेल तोवर चालेल, मेली तर काही करता येत नाही. पण दोन लांबट आयसी (चिप) वेगवेगळ्या दिसल्या, आणि त्यांवर ‘यूए ६५२७’ असा काही आकडा असला, तर तुमच्याकडं जुन्या, चांगल्या घडणीचं यंत्र आहे आणि ते सहज दुरुस्त होईल.

कॅसेटवर फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडाच्या ओलाव्यानं पिना गंजतात, आणि आपल्या पावसात त्या आधीच गंजलेल्या असणार. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. चित्र नाही आलं तर बोर्डाचा फोटो इथंच टाका, मी बघतो. चित्र आलं तर वडिलांना समोर बसवून रणगाड्यांचा गेम लावा, आणि दुसरा रिमोट त्यांच्या हातात द्या.