‘दोन पेपरांवर कुणी अकाउंटंट होत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘अकाउंटिंगमध्ये शिरायला सर्वसाधारण बिझनेसची पदवी पुरेशी आहे’ या माझ्या वाक्यावर तुम्ही आक्षेप घेतलात. अशा पदवीत अकाउंटिंगचे जेमतेम दोन-तीन पेपर असतात, मुलाखतीत साधी नोंद विचारली तरी मुलं गप्प बसतात, तेव्हा उगाच आशा लावू नका, असं तुमचं म्हणणं.

निम्मं मान्य. शिरता येणं आणि वरपर्यंत जाता येणं यांतला फरक मी लिहायला हवा होता. ऑडिट रिपोर्टवर सही करायची असेल तर ही पदवी तोकडी पडते. अमेरिकेतल्या सीपीए (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट) परवान्यासाठी राज्यांची मंडळं अकाउंटिंगच्या विषयांचीच ठरावीक क्रेडिट्स मागतात. उलट तिथल्याच आयएमए (इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्स) या संस्थेच्या सीएमए (सर्टिफाइड मॅनेजमेंट अकाउंटंट) या प्रमाणपत्राला पदवी कोणत्याही विषयातली चालते. परीक्षेचे दोन भाग आणि संबंधित कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा कुठे जायचंय ते आधी ठरवावं, मग पदवीला नावं ठेवावीत.

पहिल्या नोकरीत मात्र सही कुणी मागत नाही. तिथे पुरवठादारांची बिलं असतात, ग्राहकांकडची येणी असतात, पगारपत्रक असतं आणि बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या वहीतली शिल्लक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, असतं. मुलं गप्प बसतात हे तुमचं निरीक्षण खरं आहे, पण दोष पेपरांच्या संख्येचा नाही. पुस्तकातल्या गणितात फरक कशामुळे आला ते दिलेलं असतं. कामावर नुसता फरक समोर येतो.

एक उदाहरण घेऊ. कॅशबुकप्रमाणे (आपल्या रोख-बँक वहीप्रमाणे) बँकेत शिल्लक 84,500, बँक स्टेटमेंटवर 91,260. भरलेले पण अजून जमा न झालेले चेक 3,000, दिलेले पण न वटलेले 9,400. बँकेची बाजू झाली 84,860. बँकेने 180 चार्जेस कापलेत, ते आपल्याकडे लिहिलेलेच नाहीत. आपली बाजू झाली 84,320. फरक उरला 540.

आता अंदाजाने पानं उलटू नका. आधी नेमकी 540 ची एखादी नोंद राहून गेली आहे का ते पाहा. मग निम्मे करा: 270 ची एखादी रक्कम डेबिटऐवजी क्रेडिटला पडली आहे का? नसेल तर 9 ने भागा. 540 ला निःशेष भाग जातो, म्हणजे एखाद्या रकमेतल्या अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायला जागा आहे (तशा चुकीत फरकाला नेहमी 9 ने भाग जातो). शोधल्यावर सापडतं की ग्राहकाकडून 4,710 आले आणि लिहिले 4,170. ट्रायल बॅलन्सने (सगळ्या खात्यांची डेबिट आणि क्रेडिट बेरीज जुळते का ते पाहणाऱ्या यादीने) ही चूक कधीच दाखवली नसती, कारण दोन्ही बाजूंना 4,170 च गेलेत. दुरुस्ती: बँक डेबिट 540, ग्राहक क्रेडिट 540. चार्जेससाठी खर्च डेबिट 180, बँक क्रेडिट 180.

न वटलेल्या 9,400 ची नोंद? काहीही करायची नाही. ते चेक कॅशबुकात आधीच लिहिलेले आहेत. नवखे इथेच पुन्हा नोंद टाकतात आणि पुढच्या महिन्याची जुळवणीही बिघडवतात. (तीन महिने झाले तरी न वटलेला चेक मात्र नुसता पुढे ओढत नेऊ नये, ज्याला दिला त्याला विचारावं.)

बिलांच्या टेबलावर याहून सोपं पण चिकट काम असतं: पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल, तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. ऑर्डर 100 नगांची, आले 92, बिल 100 चं, तर 8 नगांची क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा पुरवठादाराचा कागद) आधी मागायची. एक्सेलमध्ये बिल नंबर जुळवताना व्हीलूकअप (दुसऱ्या यादीत तोच नंबर शोधणारा फॉर्म्युला) काही सापडत नाही म्हणाला, तर फॉर्म्युल्यावर चिडण्याआधी नंबर एकीकडे टेक्स्ट म्हणून तर बसलेला नाही ना, मागे स्पेस तर नाही ना, ते बघावं. बहुतेक वेळा तेच असतं.

पदवीत खरी उणीव राहते ती महिनाअखेरीच्या नोंदींची. वीज या महिन्यात वापरली, बिल पुढच्या महिन्यात येणार. मग आजच अंदाजे रक्कम खर्चाला डेबिट, देय खर्चाला क्रेडिट. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला ही नोंद उलटवायची. उलटवायची राहिली आणि आलेलं बिलही खर्चाला टाकलं, तर एकच खर्च दोनदा लागतो. 24,000 चा वर्षभराचा विमा असेल आणि 9 महिने सरले असतील, तर 6,000 अजून खर्च नाहीत, ती मालमत्ता आहे. घसाऱ्याचंही (यंत्रं, फर्निचर वापरून झिजतात त्या खर्चाचंही) असंच, फक्त पद्धत दरवर्षी बदलायची नाही.

हे शिकायला आणखी एक पदवी लागत नाही. एखाद्या काल्पनिक धंद्याचे साठेक व्यवहार घ्या, किर्द (रोजच्या नोंदींची वही), लेजर (खातेवही), ट्रायल बॅलन्स, समायोजनं (वरच्यासारख्या महिनाअखेरीच्या नोंदी), ताळेबंद असं सगळं एकदा हाताने आणि एकदा सॉफ्टवेअरवर करा. हाताने आधी, कारण सॉफ्टवेअर न जुळणारी नोंद घेतच नाही आणि जुळणारी चुकीची नोंद बिनबोभाट घेतं.

मूळ लेखातलं ते वाक्य बदललं आहे. आता तिथे ‘पदवी अर्ज करण्यापुरती पुरेशी आहे’ असं वाचाल.