ट्रक भरला म्हणजे मदत पोचली असं नाही : चर्चच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

परदेशात कुठं भूकंप झाला, वादळ आलं, पूर आला की दोन दिवसांत चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. देशाचं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो. त्याचा सारांश असा : मदतसंस्थांना पैसे देऊ नका, ते पगारात जिरतात. कपडे, औषधं, धान्य गोळा करा आणि आपली टीम पाठवा. आधी आपल्या विश्वासू बंधुभगिनींना द्या. तीन महिन्यांत घरं बांधून द्या आणि मोकळे व्हा. पैसे द्यायचेच असतील तर तिथल्या एखाद्या पाळकाच्या खात्यावर थेट टाका.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. उदाहरण नेपाळचं घेतो, कारण आपत्तीनंतर काय काय बिघडू शकतं ते तिथं जवळजवळ सगळं दिसलं. २५ एप्रिल २०१५ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, १२ मेला ७.३चा दुसरा धक्का बसला. सुमारे नऊ हजार माणसं गेली, जवळपास पाच लाख घरं पूर्ण पडली आणि अडीच लाखांवर घरांची मोडतोड झाली. पहिला धक्का शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास बसला. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे मंडळ्यांची, म्हणजे स्थानिक चर्चची, उपासनाही शनिवारीच होते. कित्येक ठिकाणी लोक उपासनेला बसलेले असतानाच इमारत अंगावर आली. ज्या स्थानिक मंडळ्यांनी नंतर मदत वाटली, त्यांच्यातही घर आणि माणसं गमावलेले लोक होते.

‘सामान गोळा करा, ट्रक भरा’

काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी आहे. मदतीच्या जड विमानांनी तिचं नुकसान होऊ लागलं, तेव्हा मे महिन्याच्या सुरुवातीला १९६ टनांहून जड विमानांना बंदी करावी लागली. अशा वेळी विमानातलं जुन्या कपड्यांचं प्रत्येक गाठोडं तंबूची जागा अडवतं. रस्त्यानं गेलेला ट्रक सीमेवरच्या कस्टममध्ये उभा राहतो. सामानाची नगवार यादी, किमतीचं बिल आणि माल स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचं पत्र, यातलं एक जरी नसेल तरी तो पुढे सरकत नाही. ‘मिक्स सामान, ४० खोकी’ एवढंच लिहिलेला ट्रक कोणताही अधिकारी सोडत नाही, आणि त्यानं सोडूही नये.

जुन्या कपड्यांचं काय होतं ते २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सगळ्यांनी पाहिलं : रस्त्याकडेला पावसात भिजलेले ढीग. ते उचलायला तिथल्या प्रशासनालाच माणसं लावावी लागली. औषधांचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्याच त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. त्यातली बरीच स्थानिक डॉक्टरांना वाचता न येणाऱ्या लेबलांची होती, बरीच तिथं वापरातच नसलेली, आणि शेवटी शेकडो टन औषधं नष्ट करण्याचा खर्च अंगावर आला. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम साधा आहे : मागितलेलंच औषध द्या, मुदत संपायला किमान एक वर्ष बाकी हवं, आणि लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला वाचता यायला हवं. घरातल्या कपाटातून गोळा केलेली अर्धी पाकिटं यातल्या कुठल्याच अटीत बसत नाहीत.

चांगल्या हेतूनं नव्या विकत घेतलेल्या वस्तूही फसतात. ताडपत्रीच घ्या. मदतकार्यातली प्रमाणित ताडपत्री ४ बाय ६ मीटरची, चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम वजनाची, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलेली आणि दोरी बांधायच्या जागी जाड पट्ट्या विणलेली असते. एका नगाचं वजन पाच किलोच्या आसपास भरतं. बाजारातली स्वस्त ताडपत्री याच्या निम्म्या वजनाची असते. डोंगरातल्या वाऱ्यात तिच्या कडेची धातूची कडी आठवड्याभरात उपटून येते आणि उन्हानं कापड तडकतं. कडी उपटली तर उपाय आहे : कापडात गुळगुळीत खडा धरायचा, कापडासकट त्याच्या गळ्याशी दोरी आवळायची, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. पण हे दाखवून देणारं कुणीतरी तिथं लागतं. कुटुंबामागे दोन ताडपत्र्या, ३० मीटर दोरी, करवत, हातोडा, खिळे, तार आणि फावडं एवढं मिळालं की माणसं पडक्या घराच्या लाकडातून स्वतःच निवारा उभा करतात. डोक्यावर छत असलेली जागा माणशी किमान साडेतीन चौरस मीटर हवी, थंड प्रदेशात त्याहून जास्त. पाणी माणशी दिवसाला १५ लिटर. यादी या मापांवरून करायची असते. आपल्या गोदामात काय पडलंय त्यावरून केलेली यादी उपयोगाची नाही.

‘आपली टीम पाठवा’

ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी पहिल्या काही तासांत काढलेलं असतं. चौथ्या दिवशी पोचलेले वीस उत्साही तरुण जेवतात, पाणी पितात, झोपायला जागा घेतात, गाड्या अडवतात, आणि त्यांना दुभाष्या लागतो. गोरखा आणि धादिंग जिल्ह्यांच्या उत्तरेकडच्या कित्येक गावांना गाडीरस्ता नव्हता, पायवाटाही दरडींनी तुटल्या होत्या. तिथं जागतिक अन्न कार्यक्रमानं स्थानिक भारवाहकांना कामाला लावून वाटा मोकळ्या केल्या आणि माल पाठीवरून चढवला. त्या मजुरीनं त्याच डोंगरातल्या घरांत पैसाही गेला. बाहेरून आलेल्या गटांच्या गाड्या जिथं रस्ता संपला तिथं थांबल्या, त्यामुळे रस्त्याकडेच्या गावात पुन्हा पुन्हा तांदूळ आणि वरच्या गावात एकदाही नाही, असं घडलं. शल्यविशारद, भूकंपरोधक बांधकाम जाणणारा अभियंता, कृत्रिम अवयव बसवणारा तंत्रज्ञ यांना जरूर जाऊ द्या. पण तिथल्या संस्थेनं नाव घेऊन बोलावल्यावर.

‘आधी आपल्या बंधुभगिनींना’

या मुद्द्यावर आम्ही तडजोड मानत नाही. १९९४ साली रेडक्रॉस चळवळ आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आपत्तीतल्या मदतीची आचारसंहिता मांडली. ती मांडणाऱ्यांत कॅरिटास इंटरनॅशनलिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्या संस्था होत्या. म्हणजे हा नियम कुणी बाहेरून चर्चवर लादलेला नाही. मदत गरजेनुसारच द्यायची आणि कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही, हे त्यातलं दुसरं आणि तिसरं तत्त्व.

प्रत्यक्षात ते असं पाळतात. निकष आधी लिहून जाहीर करायचे : घर पूर्ण पडलेलं, एकटी बाई घर चालवणारी, म्हातारी माणसं, अपंग, गरोदर वा अंगावर पाजणारी आई, गावकुसाबाहेरची दलित वस्ती. वॉर्डात सगळ्यांसमोर यादी वाचायची, भिंतीवर चिकटवायची, हरकतीसाठी दोन-तीन दिवस द्यायचे. तक्रारीचा फोन वाटप न करणाऱ्या माणसाकडे ठेवायचा. वाटप शाळेच्या पटांगणात करायचं, चर्चच्या आवारात नको आणि शनिवारी नको. रांगेत प्रार्थना नाही, पिशवीत पत्रक नाही. ज्याला प्रार्थना हवी आहे तो नंतर स्वतःहून येईल.

हा नियम मोडणारे गट असतात, आणि त्याची किंमत त्या जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्या मोजतात. नेपाळच्या २०१५च्या संविधानात कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. २०१८पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. पत्रक वाटणारा परत येतो, खटला तिथल्या पाळकावर चालतो.

‘तीन महिन्यांत घरं बांधून द्या’ आणि ‘पैसे पगारात जातात’

हे दोन दावे एकत्र घेतो, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे.

भूकंपानंतर सहा आठवड्यांत पावसाळा आला. जूनअखेर काठमांडूत देणगीदार देशांची परिषद झाली. पुनर्निर्माण प्राधिकरणाला प्रमुख मिळून कामाला सुरुवात व्हायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात, सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, भारत-नेपाळ सीमेवरच्या नाकेबंदीनं डिझेल, गॅस आणि बांधकामाचं सामान अडकलं, ऐन थंडीत. त्या हिवाळ्यात लोकांना वाचवलं ते पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांनी. पत्रा जाड घेतला असेल तर तोच पुढे कायमच्या घरावर चढतो. पातळ पत्रा खिळ्याच्या भोकापाशी फाटतो आणि वादळात उडतो, म्हणून इथं पैसे वाचवू नयेत.

सरकारी अनुदान आधी दोन लाख ठरलं, नंतर तीन लाख नेपाळी रुपये झालं, तेही तीन हप्त्यांत : करार केल्यावर ५० हजार, जोतं तपासून झाल्यावर दीड लाख, छताखालच्या पट्टीपर्यंत भिंती आल्यावर एक लाख. करारासाठी नागरिकतेचा दाखला आणि लालपुर्जा लागे. लालपुर्जा म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद. तो ढिगाऱ्यात गेलेला, आजोबांच्या नावावर राहिलेला, किंवा मुळात जमीनच नसलेली कुटुंबं पहिल्याच पायरीवर अडली. त्यांच्यासोबत सरकारी कार्यालयाच्या खेपा घालणारा समाजसेवक पगारी असतो.

आता भिंतीकडे या. पडलेली बहुतेक घरं मातीत दगड बसवून केलेली होती. अशा भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात आणि मध्ये चिपा व मातीची भर. हादऱ्यात दोन थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा फुगून पडतो आणि जड छप्पर खाली बसतं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी-सास्तूर भागात माणसं गेली ती बव्हंशी अशाच भिंतींखाली आणि माळवदाखाली. उपाय महागडा नाही. भिंतीच्या पूर्ण जाडीत आरपार जाणारे दगड उभ्या अंतरात साधारण दोन फुटांवर आणि आडव्या अंतरात चार फुटांवर घालायचे. जोतं, खिडकीचा तळ, दरवाजाची चौकट आणि छप्पर या पातळ्यांवर सगळ्या भिंतींना बांधणारी काँक्रीटची किंवा लाकडाची सलग पट्टी द्यायची, कोपऱ्यांत उभ्या सळया. त्रिकोणी माथा दगडाचा न करता पत्र्याचा किंवा लाकडाचा करायचा. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर.

हे सगळं वाचून सोपं वाटतं. प्रत्यक्षात पट्टी कोपऱ्यात तुटते, कारण गवंडी सळई न वाकवता तिथंच कापतो. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारायचं असतं, पण झरा आटलेल्या गावात बाई तासभर चालून आणलेली घागर भिंतीवर कशी ओतणार? पावसाळ्यात पडून राहिलेलं सिमेंट गोळे धरतं, तरी वापरलं जातं. अशा गावात लाकडाची पट्टी जास्त शहाणपणाची ठरते, आणि सरकारी नकाशांत तीही मान्य होती. सळई सिमेंटखाली झाकली जाण्याआधी कुणीतरी तिथं उभं राहून ‘हा कोपरा पुन्हा बांधा’ असं सांगावं लागतं. तो अभियंता, गवंड्यांना सात दिवसांचं प्रशिक्षण देणारा मुख्य गवंडी आणि हप्त्यांचा हिशेब ठेवणारा लेखनिक, यांना दरमहा द्यावी लागणारी रक्कम म्हणजे संदेशातला ‘पगारात जिरलेला पैसा’. तो वाचवला तर पुढच्या भूकंपात तीच भिंत पडेल. पगार किती आणि कुणाला हे जरूर विचारा. लेखापरीक्षणाचा अहवाल, कामाच्या जागी बसणारे किती आणि राजधानीत बसणारे किती, हे विचारणं देणाऱ्याचा हक्क आहे. उत्तर टाळणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका.

नेपाळमधल्या चर्चच्या भागीदारीचं सर्वांत चांगलं काम तर भूकंपाच्या कितीतरी आधीचं आहे. १९५४ साली वेगवेगळ्या पंथांच्या मिशनांनी मिळून युनायटेड मिशन टू नेपाळ उभारलं. धर्मप्रसार करायचा नाही या अटीवर सरकारनं परवानगी दिली. तानसेनचं रुग्णालय त्यातलंच. १९६३ साली बुटवलला तंत्रशाळा निघाली. तिथं मुलं कमवत कमवत सुतारकाम, यंत्रकाम, वीजकाम शिकली, आणि त्यातूनच जलविद्युत प्रकल्पांसाठी माणसं तयार झाली. आंधीखोला सुरुवातीला ५.१ मेगावॉट, झिमरुक १२ मेगावॉट. आंधीखोलाची यंत्रं नॉर्वेतल्या निवृत्त वीजकेंद्रातून दुरुस्त करून आणलेली होती. अशा कामाला तीन महिने नाही, तीस वर्षं लागली.

‘पाळकाच्या खात्यावर थेट टाका’

पाळक प्रामाणिक असला तरीही नको. गावात बातमी पसरते, नातेवाईक आणि शेजारी दाराशी बसतात, हिशेब ठेवायला कुणी नसतं, आणि धर्मांतरासाठी परदेशी पैसा घेतल्याचा आरोप त्याच्यावर एकट्यावर येतो. नेपाळमध्ये परदेशी संस्थेच्या कामाला समाज कल्याण परिषदेची मंजुरी लागते. मदत जिल्हा प्रशासनामार्फत एकाच दारानं यावी, असा तिथला आग्रह असतो. तो गैरसोयीचा वाटला तरी वरच्या गावापर्यंत तांदूळ पोचायचा तर उपयोगी आहे.

आपल्या बाजूनंही अडचण आहे. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टनं देशाबाहेर खर्च केलेल्या रकमेला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी नसेल तर, आयकरातून सूट मिळत नाही. म्हणजे मंडळीच्या खात्यातून परस्पर पाठवलेले पैसे ऑडिटमध्ये अडकतात. मार्ग मदतसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून जातो. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली सुरू झालेली कासा आणि १९६२ची कॅरिटास इंडिया या चर्चच्या दोन्ही मदतसंस्था अशा जाळ्यांत आहेत : एक २०१० साली स्थापन झालेल्या अ‍ॅक्ट अलायन्समध्ये, दुसरी कॅरिटासच्या महासंघात. अशा जाळ्यात आपत्तीच्या देशातली सदस्य संस्था पाहणी करून योजना व अंदाजपत्रक मांडते आणि बाकीचे सदस्य त्याच एका योजनेत पैसे घालतात. आपल्याकडून परदेशी रक्कम पाठवायला सध्या कोणती परवानगी हातात आहे, हे त्यांच्या कार्यालयात लेखी विचारावं आणि उत्तर आल्यावरच मंडळीत वर्गणी जाहीर करावी.

वर्गणी जाहीर करताना चिठ्ठीवर फक्त ‘तातडीची मदत’ लिहू नका. त्सुनामीनंतर लोकांनी एवढं दिलं की जानेवारी २००५मध्ये सीमारहित डॉक्टरांच्या संघटनेनं (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) त्या कामासाठी देणग्या घेणं थांबवलं आणि आलेले पैसे दुसऱ्या संकटांकडे वळवायला देणगीदारांची परवानगी मागितली. ‘मदत, पुनर्बांधणी आणि गरज पडल्यास अन्य आपत्ती’ असं लिहिलंत तर संस्थेचे हात बांधले जात नाहीत. शक्य असेल तर निम्मी रक्कम आता द्या आणि निम्मी बारा महिन्यांनी, जोती तपासायची वेळ येईल तेव्हा.